विद्यापीठातील व्याख्यान आणि सभागृहाबाहेरचा माणूस

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत एका शिक्षकाने केलेले भाषण)



आपल्या न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बोलण्याची आज्ञा झाली तेव्हा आम्हांस प्रथम संकोचच वाटला. आमचा बोलण्याचा सराव फळ्यापुढचा. घंटा झाली की आमचे वक्तृत्व संपते. शिवाय ज्या संस्थेच्या पैशाने आपण शिकलो तिच्याच सभेत उभे राहून तिला काही सांगावयाचे, हे त्याहून अवघड. परंतु चिटणीस महाशयांनी विषय सांगितला आणि आमचा धीर थोडा वाढला. महोत्सवी निधीतून न्यासाने दरवर्षी एक जाहीर व्याख्यान घडवून आणावे असे विश्वस्तांच्या मनात आहे. जगातील विद्यापीठांतून राष्ट्रांचा विकास आणि मानवी हक्क या विषयांवर व्याख्याने होतात. ती कशी होतात, त्यांतून काय निष्पन्न होते आणि आपण त्यांतून काय घ्यावे, हे आम्ही सांगावे अशी त्यांची अपेक्षा आहे.

आरंभीच एक ऋण फेडून घेतो. आमचे आजोबा कोकणातून नोकरीकरिता बडोद्यास आले आणि येथलेच झाले. आम्ही पदवीधर झालो; पुढे बी.एड.च्या फीचा प्रश्न पडला तेव्हा न्यासाकडे अर्ज केला. अर्जावरचे आमचे नाव वाचून कार्यालयात कोणी तरी थबकेल, अशी वडिलांस धास्ती होती. त्या वेळच्या चिटणिसांनी अर्ज हाती घेतला, चष्मा वर केला आणि एवढेच विचारले, “गुणपत्रिका कोठे आहे?” मानवी हक्कांचा पहिला धडा आम्हांस त्या टेबलापाशी मिळाला. पुढे तोच धडा पुस्तकांत वाचला तेव्हा तो ओळखीचा वाटला. म्हणून आज आम्ही जे बोलू ते घरच्या माणसाचे बोलणे समजून ऐकावे, आणि त्यात काही कडू लागले तर तेही घरचेच समजावे.

व्याख्यानाची कल्पना निघाली तेव्हा आपल्यातील एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, “मास्तर, व्याख्यानांनी कोणाचे पोट भरते?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे.

५ जून १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात पदवीदानाचा दिवस होता. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांस त्या दिवशी सन्माननीय पदवी देण्यात आली आणि त्यांनी एक छोटेसे भाषण केले. भाषणात अलंकार नव्हता. एखाद्या मुनिमाने खाते समजावून सांगावे तसे ते होते. युद्धाने मोडलेल्या युरोपात शेतकरी धान्य पिकवू शकतो. परंतु ते शहरात विकून त्या पैशाने घेण्याजोगा माल शहरात नाही, म्हणून तो पीक घेण्याचे सोडून जमीन गुरांच्या चाऱ्यास लावतो. इकडे शहरात लोक उपाशी, म्हणून सरकार परदेशी चलन खर्चून बाहेरून धान्य आणते, आणि कारखाने उभे करण्यास जो पैसा लागावयाचा तो पोटात जातो. हे रहाट थांबवावयाचे तर बाहेरून काही वर्षे मदत हवी, आणि तिची आखणी युरोपच्या देशांनी मिळून स्वतः करावयास हवी, असे त्यांनी सांगितले. पुढील वर्षी एप्रिलमध्ये त्याचा कायदा झाला आणि सुमारे चार वर्षांत तेराशे कोटी डॉलरांच्या घरात मदत पश्चिम युरोपास गेली. तीत राजकारण नव्हते असे कोणी म्हणणार नाही. रशिया आणि त्याच्या बाजूचे देश त्या योजनेत आले नाहीत. परंतु व्याख्यानाने पोट भरते काय, या प्रश्नाला त्या एका भाषणापुरते तरी ‘होय’ असे उत्तर द्यावे लागते.

यावर कोणी म्हणेल, मार्शलच्या पाठीशी अमेरिकेची तिजोरी होती. तुमच्या व्याख्यात्याच्या पाठीशी काय असणार? म्हणून दुसरे उदाहरण देतो. त्यात तिजोरी नाही.

२२ मे १९७९ रोजी अमेरिकेतच स्टॅनफर्ड विद्यापीठात अमर्त्य सेन यांनी एक व्याख्यान दिले. समता हवी असे सारेच म्हणतात. पण समता कशाची, एवढाच प्रश्न त्यांनी घेतला. उत्पन्न सारखे झाले म्हणजे समता झाली काय? आमच्या शिक्षकी भाषेत सांगावयाचे तर असे. दोन मुलींस न्यासाने सारखीच शिष्यवृत्ती दिली. एकीचे घर कॉलेजापासून हाकेच्या अंतरावर. दुसरीचे घर दूर खेड्यात. तिचे निम्मे पैसे भाड्यात जातात, आणि ती घरी पोहोचते तेव्हा अंधार पडलेला असतो. वहीखात्यात दोघी समान. जगण्यात मुळीच समान नाहीत. तेव्हा माणसाच्या हाती किती आहे एवढेच न मोजता त्यातून तो प्रत्यक्ष काय करू शकतो, काय होऊ शकतो, हे मोजावे, असा सेन यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. हा विचार पुढे पुष्कळांनी हाती घेतला. सेन यांचे केंब्रिजचे सहाध्यायी, पाकिस्तानचे अर्थशास्त्रज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रसंघाचा मानव विकास अहवाल १९९० साली निघाला. देशाची प्रगती नुसत्या उत्पन्नावर न मोजता आयुर्मान आणि शिक्षण हीही जमेस धरणारा निर्देशांक त्यात होता. आज कोणताही देश त्या यादीत आपण कितवे आहोत हे पाहिल्याशिवाय राहत नाही. भारताचा एक विद्यार्थी आणि पाकिस्तानचा एक विद्यार्थी तरुणपणी एका विद्यापीठात भेटतात, वाद घालतात, आणि त्यातून जगाला नवा मापदंड मिळतो, हे आपल्या मुलांस मुद्दाम सांगण्याजोगे आहे.

या ठिकाणी आणखी एक शंका निघते. आधी भाकरी की आधी हक्क? पोट रिकामे असता बोलण्याचे स्वातंत्र्य काय कामाचे? हा वाद विद्यापीठांतून पुष्कळ वर्षे चालला. ४ डिसेंबर १९८६ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने विकास हाच मानवी हक्क आहे, असा जाहीरनामा संमत केला; १४६ राष्ट्रे बाजूने, अमेरिका एकटी विरुद्ध आणि आठ तटस्थ. म्हणजे दोहोंची फारकत करू नये, असा बहुतेक जगाने कौल दिला. सेन यांनी बालपणी, १९४३ साली, बंगालचा दुष्काळ पाहिला होता. पुढे दुष्काळांचा अभ्यास करून त्यांनी दाखविले की, जेथे निवडणुका होतात, विरोधी पक्ष असतो आणि वृत्तपत्रे मोकळी असतात, अशा देशात मोठा दुष्काळ पडू दिला जात नाही. कारण सरकारास जाब विचारणारा कोणी तरी असतो. तेव्हा प्रश्न विचारण्याचा हक्क ही पोट भरलेल्यांची चैन आहे, असे समजू नये. भाकरी ज्या वाटेने घरी येते त्या वाटेवरच तो हक्क उभा आहे.

आता आपल्या गावाकडे येऊ. कारण या विषयाचा एक धागा बडोद्यातूनच निघतो.

सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो साऱ्या राज्यास लागू केला. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दंड होई. बालकाचा शिक्षणाचा हक्क भारतीय संसदेने २००९ साली कायद्यात आणला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. त्यापूर्वी शंभराहून अधिक वर्षे या मातीत त्याची पेरणी झाली होती. त्याच महाराजांनी १९१३ साली भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणास शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात धाडले.

९ मे १९१६ रोजी त्या विद्यापीठात प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासवर्गात भीमरावांनी भारतातील जातींवर एक निबंध वाचला. वय अवघे पंचवीस. श्रोते म्हणजे काही प्राध्यापक आणि विद्यार्थी. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या निर्बंधाने, आणि तो निर्बंध सांभाळण्याकरिताच सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा चालविल्या गेल्या, असे त्यांनी तर्काने मांडले. स्त्रीवर लादलेली बंधने आणि जातीची भिंत ही एकाच हाताने रचलेली आहेत, हे त्यांनी तेथे दाखविले. पुढील वर्षी हा निबंध ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात छापून आला.

आणि त्याच वर्षी, म्हणजे १९१७ साली, करारानुसार राज्याची नोकरी करण्यास ते बडोद्यास आले. कोलंबियात ज्यांना प्राध्यापकांनी ऐकले त्यांना या गावात राहण्यास खोली मिळेना. शेवटी एका सराईत नाव बदलून राहावे लागले. तेही उघडकीस आले, आणि काठ्या घेऊन आलेल्या मंडळींनी त्यांना तेथून बाहेर काढले. मित्रांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. कमाठीबागेत बसून त्यांनी दिवसाचे उरलेले तास काढले आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. हे सारे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. आपण त्या बागेत मुलांस घेऊन जातो, माकडे दाखवितो, शेंगदाणे खातो. तेथे गेल्यावर एकदा हेही त्यांना सांगावे. सयाजीरावांच्या उदार शिष्यवृत्तीचे गाव बडोदे, आणि बंद दारांचे गावही बडोदेच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

या गावाचा जगाशी आणखी एक संबंध आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी म्हणून हंसाबेन मेहता बसत. त्यांचे वडील मनुभाई बडोद्याचे दिवाण. आयोगाच्या अध्यक्षा होत्या एलिनॉर रूझवेल्ट. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात, सारे पुरुष जन्मतः स्वतंत्र व समान आहेत अशा अर्थाचे शब्द होते. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ माणसे असाही करता येतो, असे समर्थन होते. हंसाबेनना ते पटेना. काही देशांतील राज्यकर्ते त्याचा अर्थ केवळ पुरुष असाच करतील, असे त्यांनी धरून ठेवले, आणि अखेरीस तेथे ‘सारी मानवजात’ या अर्थाचे शब्द आले. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये तो जाहीरनामा संमत झाला. ४८ मते बाजूने, विरुद्ध एकही नाही, आठ तटस्थ. पुढील वर्षी महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि हंसाबेन त्याच्या कुलगुरू झाल्या. १९५८ पर्यंत त्या त्या पदावर होत्या. तेव्हा मानवी हक्क ही परदेशातून आलेली फॅशन आहे, असे कोणी म्हटले तर त्यास हे गाव दाखवावे. जगाने मान्य केलेल्या पहिल्या कलमातील एक शब्द ज्या बाईंनी दुरुस्त केला त्या येथे कुलगुरूंच्या खुर्चीवर बसत.

खुर्चीचा विषय निघाला म्हणून आम्हांस सर्वांत जवळची वाटणारी गोष्ट आता सांगतो. ती दक्षिण आफ्रिकेतील आहे.

तेथे वर्णभेदाचे राज्य होते. १९५९ साली सरकारने कायदा करून, ज्या विद्यापीठांची दारे सर्व वर्णांच्या विद्यार्थ्यांस उघडी होती ती काळ्या आणि आशियाई विद्यार्थ्यांस बंद केली. अपवादास स्वतंत्र सरकारी परवानगी लागे. विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने याविरुद्ध दरवर्षी एक दिवस पाळण्याचे ठरविले. त्या दिवशी सभा भरे, बाहेरचा वक्ता येई आणि विद्यापीठाचे स्वातंत्र्य आम्ही सोडलेले नाही, असे सारे मिळून पुन्हा सांगत. १९६६ साली संघटनेचे तरुण अध्यक्ष इयन रॉबर्टसन यांनी अमेरिकेचे सिनेटर रॉबर्ट केनेडी यांस बोलाविले. केनेडींनी होकार दिला. परंतु ते येण्यापूर्वीच सरकारने रॉबर्टसनवर बंदीहुकूम बजावला. असा हुकूम झालेल्या माणसास सभेस जाता येत नसे. एका वेळी एकाहून अधिक माणसांत मिसळण्याचीही त्यास मनाई असे. ज्याने पाहुण्यास बोलाविले तोच यजमान सभागृहाबाहेर!

६ जून १९६६ च्या रात्री केप टाउन विद्यापीठाच्या जेमसन हॉलमध्ये सभा भरली. आत जागा नव्हती. बाहेर हजारो लोक कर्णे लावून ऐकत होते. व्यासपीठावर रॉबर्टसनकरिता एक खुर्ची मुद्दाम रिकामी ठेवली होती. केनेडींनी आरंभी एका देशाचे वर्णन केले. डचांनी वसविलेला, इंग्रजांनी जिंकलेला, मूळच्या रहिवाशांस दडपलेला, गुलाम आणून त्यांच्या कष्टांवर वाढलेला. ऐकणाऱ्यांस वाटले, हे आपल्याच देशाविषयी बोलत आहेत. आणि मग ते म्हणाले की, मी अर्थात माझ्या देशाविषयी, अमेरिकेविषयी बोलत आहे. पाहुण्याने यजमानाच्या घरची अडगळ काढण्यापूर्वी स्वतःच्या घरची काढली. पुढे त्यांनी सांगितले की, एखादा माणूस अन्यायाविरुद्ध उभा राहतो तेव्हा आशेचा एक लहानसा तरंग उठतो, आणि असे तरंग मिळून मोठमोठ्या भिंती पाडतात. त्या भेटीतच ते रॉबर्टसनच्या घरी जाऊन त्याला भेटून आले.

त्या भाषणाने दुसऱ्या दिवशी काही बदलले काय? नाही. नेल्सन मंडेला तेव्हा रॉबेन बेटावरील तुरुंगात होते आणि पुढेही पुष्कळ वर्षे तुरुंगातच राहिले. केनेडींची १९६८ साली हत्या झाली. दक्षिण आफ्रिकेत सर्व वर्णांच्या लोकांनी प्रथम मतदान केले ते १९९४ साली, त्या सभेनंतर अठ्ठावीस वर्षांनी. ते घडविले तेथल्याच लोकांनी. तुरुंगात गेलेल्यांनी, संप करणाऱ्यांनी, शाळा सोडून रस्त्यावर आलेल्या मुलांनी. एका पाहुण्याच्या व्याख्यानास त्याचे श्रेय देणे हा त्या लोकांवर अन्याय होईल. २०१८ साली विद्यापीठाने त्या सभागृहास सारा बार्टमन हिचे नाव देण्याचे ठरविले. ती दक्षिण आफ्रिकेतीलच एक आदिवासी स्त्री. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात नेऊन तिच्या शरीराचे लोकांपुढे प्रदर्शन मांडले गेले होते. जिला त्या काळी कोणी माणूस मानले नाही तिचे नाव आज त्या दारावर आहे.

आम्हांस या साऱ्यात मोलाची वाटते ती रिकामी खुर्ची. त्या रात्री उत्तम भाषण झाले. परंतु आज येथे कोण नाही, आणि तो का नाही, हे त्या खुर्चीने भाषण सुरू होण्यापूर्वीच सांगितले होते. मानवी हक्कांवरील कोणतेही व्याख्यान याच प्रश्नापासून सुरू व्हावे, असे आमचे मत आहे. ते तसे का झाले, ते आता सांगतो. ही आमच्याच चुकीची कथा आहे.

काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठात शिक्षण आणि मानवी हक्क या विषयावर व्याख्यान होते. आम्ही आमच्या शाळेतून निघालेल्या आणि कॉलेजात शिकणाऱ्या आठ मुलामुलींस घेऊन गेलो. वेळ सायंकाळी साडेपाचची. आपल्याकडचा शिरस्ता आपणांस ठाऊक आहे. दीपप्रज्वलन झाले, स्वागतगीत झाले, शाल-श्रीफळ झाले, पाहुण्यांचा परिचय झाला आणि परिचय करून देणाऱ्याचाही परिचय झाला. मगरिबची अजान झाली तरी प्रास्ताविक चालूच होते. व्याख्यान सुरू झाले तेव्हा आमच्यातील एक मुलगी घड्याळाकडे पाहू लागली. तिचे गाव दूर, शेवटची एस.टी. सव्वासातची. व्याख्यान चांगले होते. सारे हक्क माणसास जन्मतः मिळतात, ते कोणी देण्याची वाट पाहावयाची नसते, असे वक्ते मोठ्या तळमळीने सांगत होते. इतक्यात ती मुलगी उठली, आमच्या हाती एक चिठ्ठी दिली आणि हळूच म्हणाली, “सर, मला निघायला हवं. प्रश्नांची वेळ आली की एवढं विचाराल का?” आणि ती गेली. आमच्या शेजारची खुर्ची रिकामी झाली.

व्याख्यान संपले. अध्यक्षांनी समारोप केला, आभार मानले गेले. मग वेळेअभावी एक-दोनच प्रश्न घेऊ असे सांगण्यात आले. आम्ही चिठ्ठी उघडून वाचली. तीत लिहिले होते: “हक्क जन्मतः मिळतात, तर मग मुलींच्या वसतिगृहात जागा नाही हे कोणाला विचारायचे?”

आम्ही हात वर केला नाही. मनात आले, पाहुण्यांस हा प्रश्न कशाला? हा तर स्थानिक प्रश्न. विषयाशी सुसंगत नाही. शिवाय चांगल्या व्याख्यानाचा शेवट तक्रारीने का करावा? अशी कारणे शोधण्यात आम्ही शिक्षक मंडळी फार हुशार असतो. एका प्राध्यापकांनी एक लांबलचक प्रश्न विचारला, जो खरे पाहता दुसरे व्याख्यानच होते, आणि सभा संपली. पुढच्या आठवड्यात मुलीने विचारले, “सर, काय म्हणाले ते?” आम्ही म्हटले, “वेळ झाला नाही.” ते अर्धे खरे होते. तिने मान हलविली. रोजच्या येण्याजाण्याने थकून दुसऱ्या वर्षानंतर तिने कॉलेज सोडले. पुढे ती बाहेरून परीक्षेस बसली आणि पदवी मिळविली, हे तिचे कर्तृत्व. परंतु प्रयोगशाळेचा विषय तिला सोडावा लागला, आणि तोच तिचा आवडीचा होता. आज ती गावातच मुलांच्या शिकवण्या घेते.

ती चिठ्ठी आम्ही जपून ठेवली आहे. आज ती बरोबर आणली आहे, आणि ज्या प्रश्नास आम्ही तेव्हा तोंड फोडले नाही तो आज विचारतो. परक्यास नव्हे, आपल्या न्यासास विचारतो. पन्नास वर्षांत न्यासाने वसतिगृह चालविले, त्यातून शेकडो विद्यार्थी शिकून गेले, त्यांपैकी काही आज या सभेत पाहुणे म्हणून बसले आहेत. ते वसतिगृह मुलांचे आहे. मुलींकरिता आपण शिष्यवृत्त्या दिल्या, बक्षिसे दिली, हळदीकुंकवास वह्या वाटल्या. खोली मात्र एकही दिली नाही. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता, हे आम्ही जाणतो. त्या काळी कोणी मागितली नाही, असेही सांगतील. परंतु मागावयास येणारी मुलगी सभेच्या वेळी एस.टी.त बसलेली असते, हेही ध्यानात घ्यावे.

तेव्हा व्याख्यानमाला जरूर काढावी. तिच्याबाबत आमच्या चार विनंत्या आहेत. विश्वस्तांनी त्यांचा विचार करावा.

पहिली विनंती वेळेची. व्याख्यान रविवारी दुपारी तीन वाजता ठेवावे आणि पाचच्या आत संपवावे. म्हणजे दूरचा विद्यार्थी, घरकाम सांभाळणारी गृहिणी आणि वयोवृद्ध सभासद या तिघांसही उजेडी घरी जाता येईल. सत्कार आणि परिचय मिळून दहा मिनिटांत आटोपावे. पाहुण्यांची कीर्ती त्यांच्या बोलण्यातून कळेलच.

दुसरी विनंती प्रश्नांची. निम्मा वेळ प्रश्नांस राखून ठेवावा. प्रश्न मराठीत, गुजरातीत, हिंदीत, कोणत्याही भाषेत विचारू द्यावा. पहिला प्रश्न विद्यार्थ्याचा असावा. ज्यास उभे राहून बोलण्याचे धैर्य नाही त्याची चिठ्ठी अध्यक्षांनी स्वतः वाचून दाखवावी. आमच्यासारख्याच्या खिशात ती राहू देऊ नये.

तिसरी विनंती दाराची. व्याख्यान सर्वांस खुले असावे. समाज, धर्म, जात यांची चौकशी दारावर होऊ नये. आमच्या अर्जाच्या वेळी या न्यासाच्या टेबलावर ती झाली नाही, मग सभागृहाच्या दारावर तरी का व्हावी?

चौथी विनंती सर्वांत महत्त्वाची. महोत्सवी निधीतून पहिला खर्च व्याख्यात्याच्या प्रवासावर न करता, विद्यापीठाजवळ मुलींकरिता दोन खोल्या भाड्याने घेण्यावर करावा. दोन खोल्यांत चार मुली राहतील. इमारत केव्हा तरी होईल. तिची वाट पाहत आणखी एक पिढी एस.टी.त बसवू नये. आणि दरवर्षी व्याख्यानाच्या आधी विश्वस्तांनी एक साधी नोंद वाचावी: या वर्षी आपल्यातील कोणास शिक्षणास मुकावे लागले, आणि का. ती नोंद वाचून मग पाहुण्यांस बोलण्याची विनंती करावी. वक्त्यांसही कळेल की आपण कोणापुढे बोलत आहोत.

पोट भरते काय, असे ज्या ज्येष्ठांनी विचारले त्यांस आमचे उत्तर एवढेच आहे. नुसत्या व्याख्यानाने भरत नाही. कोलंबियातल्या निबंधाने आंबेडकरांस बडोद्यात खोली मिळाली नाही. परंतु त्यांचा अभ्यास आणि त्यांचा प्रश्न थांबला नाही, म्हणूनच पुढे देशाच्या संविधानात समतेचे कलम उभे राहिले. विद्यापीठाने माणसास प्रश्न विचारण्यास शिकवावे, आणि आपल्यासारख्या संस्थांनी त्या प्रश्नाला खोली, भाडे, दिवा आणि जेवण मिळवून द्यावे. एकीचे काम दुसरीवाचून अपुरे आहे.

मुलीने आम्हांस चिठ्ठी दिली त्याला आता पुष्कळ दिवस झाले. या सभेचा वृत्तान्त महोत्सवी अंकात छापून येईल तेव्हा एक प्रत तिच्या गावी पोहोचती करावी, असे आम्ही ठरविले आहे. तिच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून तिला काय कळवावयाचे, हे मात्र आम्हांस एकट्यास ठरविता येत नाही. ते विश्वस्त मंडळाने आणि आपण सर्व सभासदांनी ठरवावयाचे आहे. आमची प्रार्थना एवढीच की, ते पुढील महोत्सवावर ढकलू नये.

 आता प्रश्न विचारावेत. आम्हांस घाई नाही.